सर्वधर्म पट्टा

“बिनपट्ट्याचा नाही का एखादा?” मी विचारलं, आणि तिघींच्या सुया एकदम थांबल्या.

नगरच्या एका चर्चमागच्या हॉलमधली ही गोष्ट. दुपारची वेळ होती, टेबलावर लोकरीचे गुंडे पसरलेले, चहाचे कप रिकामे झालेले. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि लीनाताई देवचक्के यांच्याकडे त्यांचं तान्हं बाळ सांभाळत होते. घरात उरलेली लोकर ‘सर्वधर्म ऊब मंडळा’ला देऊन ये, म्हणून लीनाताईंनीच मला पाठवलं होतं. रस्त्यावर झोपणाऱ्यांसाठी या मंडळाच्या बायका हातानं स्वेटर विणत आणि रविवारी संध्याकाळी एस.टी. स्टँडवर जाऊन वाटत. पुण्य करायची हौस त्यांना दांडगी होती, आणि खरं सांगायचं तर विणकामही सुरेख होतं.

“बिनपट्ट्याचा कशाला?” कुमुदताईंनी विचारलं. या मंडळाच्या अध्यक्ष, आणि लीनाताईंच्या नवऱ्याची आत्या.

“स्टँडवर एक म्हातारी आहे. बसमध्ये चढून पिना, कंगवे विकते. जाता-येता दिसते. खोकते फार.”

“गयाबाई ना? तिला दिलाय की आपण,” नसीमआपा म्हणाल्या. “फुकट घेणार नाही म्हणाली. मला पिनांचं पाकीट घ्यायला लावलं तेव्हा कुठं अंगात घातला. मोठी ठसक्याची बाई आहे.”

“हो, तीच. तो घालून तिला कुणाकडं जाता येत नाही म्हणे. पट्टा बघून लोक ओळखतात.”

“ओळखावं म्हणूनच तर पट्टा आहे,” कुमुदताई म्हणाल्या.

या पट्ट्याची हकिगत सगळ्या गावाला माहीत होती. आदल्या हिवाळ्यात कुणी तरी दारुड्यानं मंडळाचा स्वेटर जुन्या बाजारात विकला. बायकांना ते फार लागलं. मग कुमुदताईंनी युक्ती काढली. प्रत्येक स्वेटरच्या छातीवर मोठा पट्टा विणायचा, त्यात तिघींनी आपापल्या रंगाच्या ओळी घालायच्या. भगवा कुमुदताईंचा, हिरवा नसीमआपांचा, पांढरा मार्थाबाई उजागऱ्यांचा. पहिले स्वेटर तयार झाल्यावर एका निवृत्त मुख्याध्यापकांनी हरकत घेतली की, हा तर झेंडा झाला आणि तो घालून लोक जमिनीवर लोळणार. मग मार्थाबाईंनी पांढरा सोडून जांभळा घेतला. स्वेटर तिघींच्या घरी फिरायचा. एक खालचा भाग विणायची, मग पट्टा तीन घरं हिंडून यायचा, मग वरचा भाग. पेपरात फोटो आला. जुन्या बाजारात तो स्वेटर कुणी घेईना, हे खरं. पण तो घातलेल्या माणसाला हॉटेलवालाही बाकावर बसू देईना.

“एक साधा करून देऊ की,” नसीमआपा म्हणाल्या. त्या मनानं मऊ होत्या. “मी माझ्या ओळी नाही घालत.”

“तुमच्याच का? लोक म्हणतील, हिरवा तेवढा वगळला.”

“मग जांभळा वगळा,” मार्थाबाई म्हणाल्या. “नाही म्हणजे, हॉल चर्चचा आहे. आमची कमिटी विचारेल, पण मी सांगेन काही तरी.”

“छे, छे, असं कसं?”

“मग भगवा?”

कुमुदताईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. सुया पुन्हा चालू झाल्या.

“हे बघ फुला,” कुमुदताई मला म्हणाल्या, “एकीला साधा दिला की सगळे मागतील. आणि यात लाजण्यासारखं काय आहे? तीन धर्मांचे हात लागलेत त्याला. तिला म्हणावं, अभिमानानं घाल.”

“सांगते,” मी म्हटलं.

सांगायला मला लांब जायचंच नव्हतं. गयाबाई माझी आई होती.

माझा बाप इमारतींच्या कामावर वॉचमन होता. इमारत पुरी झाली त्याच महिन्यात तो तापानं गेला, आणि आमची पत्र्याची खोली ठेकेदारानं पाडली. तेव्हापासून आम्ही दोघी स्टँडवर पार्सल ऑफिसच्या भिंतीलगत झोपत होतो. आईनं कुणापुढं कधी हात पसरला नाही. पिना विकायची आणि मला म्हणायची, “आपन धंदेवालं हाये, भिकारी न्हाई.” मी दहावी झालेली, बोलायला नीट, अंघोळ-पांघोळ करून स्वच्छ राहणारी. लीनाताईंकडे कामाला लागताना मी पत्ता माळीवाड्यातला ठोकून दिला होता. स्टँड सांगितलं असतं तर त्यांनी बाळाला हातही लावू दिला नसता. रविवारी मंडळ वाटपाला आलं की मी डेपोच्या मागं जाऊन बसायचे.

लीनाताईंच्या बंगल्यामागं एक खोली होती. पूर्वी माळी राहायचा. बाळ माझ्याकडं शांत राहतं हे बघून त्या म्हणाल्या होत्या, “तू आणि तुझी आई राहा तिथं. फक्त आईला एकदा बघायला हवं. घरात लहान मूल आहे ना.” गुरुवारी सकाळी आईला घेऊन यायचं ठरलं होतं. त्या वर्षी थंडी अशी पडली होती की स्टँडवरचे कुत्रेसुद्धा माणसांना चिकटून झोपायचे. आईचा खोकला छातीत उतरला होता, संध्याकाळी अंग तापायचं. त्या खोलीला दार होतं, खिडकी होती, चूल मांडायला कोपरा होता. आई हिवाळा काढणार की नाही ते त्या खोलीवर होतं, आणि हे मला दिवसभर दुसरं काही सुचू देत नव्हतं.

“न्हाई मिळाला व्हय साधा?” संध्याकाळी आईनं विचारलं.

“नाही. त्यांचं भांडण लागलं कुणाचा रंग काढायचा त्याच्यावर.”

आई हसली आणि हसता हसता खोकत बसली. “ऱ्हाऊ दे. हाच घालून येते. वरून पदर घेते घट.”

“पदर सरकला तर? आई, कुमुदताई त्या घरच्याच आहेत. नुसता पट्टा बघितला तरी सगळं संपलं. पिठाच्या गिरणीपाशी ये, तिथं काढून पिशवीत घाल आणि मग ये.”

“बरं बाई. काढते. किती भ्यायचं ते.”

“आणि कुठं राहता म्हणून विचारलं तर?”

“माळीवाडा. नळाजवळ. मालक तापट हाय, म्हनून सोडायचीय खोली,” आईनं पाठ केलेलं म्हणून दाखवलं. “समदं ध्यानात हाय माझ्या. तुझ्या बापाकडचे मला मागनी घालायला आले व्हते तवाबी एवढी तयारी न्हवती केली.”

पगार व्हायचा होता, नाही तर कुठून तरी जुना स्वेटर घेतला असता. स्वेटर न घालताच ये, असं म्हणायला माझी जीभ रेटेना. तिचा हात हातात घेतला तर तो चटका बसण्याइतका गरम होता.

गुरुवारी मी पहाटेच कामावर गेले. आई मागून येणार होती. बाळाला तेल लावून, शेकून, दुपट्यात गुंडाळून मी व्हरांड्यात उन्हाला घेऊन बसले आणि डोळे फाटकाकडं लावले. तेवढ्यात कुमुदताई आल्या. त्यांना बाळासाठी टोपडं द्यायचं होतं. पिवळंधमक, रेशमासारख्या मऊ लोकरीचं. त्याला पट्टा नव्हता.

“आत्या, बसा ना, चहा टाकते,” लीनाताई म्हणाल्या. “आज फुलाची आई यायचीय. मागची खोली द्यायचा विचार आहे.”

“बघून-सवरून दे हो. हल्ली लोक काय काय सांगतात.”

आणि आई फाटकाशी दिसली. नऊवारी धुवट पातळ, डोक्यावरून पदर, कपाळाला ठसठशीत कुंकवासारखं गोंदण. माझा जीव भांड्यात पडला. पण पदराच्या आत ती फुगलेली दिसत होती, आणि माझ्या लक्षात आलं की तिनं गिरणीपाशी स्वेटर काढलेला नाही. तापात कुडकुडणारं माणूस अंगातलं काढेल तरी कसं?

“ही का गं तुझी आई?” लीनाताईंनी विचारलं.

मी हो म्हणायला तोंड उघडलं. आईनं फाटकाची कडी काढायला हात वर केला. कडी घट्ट होती. तिनं जोर लावला, पदर खांद्यावरून घसरला आणि भगवा, हिरवा, जांभळा, सगळा पट्टा उन्हात लख्ख दिसला.

“अगं नाही,” कुमुदताई हसत म्हणाल्या, “ही आमची स्टँडवरची गयाबाई. बघितलंस लीना? लांबून कळतं. म्हणून मी पट्ट्याचा आग्रह धरते.”

लीनाताई माझ्याकडं बघायला लागल्या. बाळ माझ्या मांडीवर होतं. आई फाटकात उभी होती, आणि तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. लहानपणी मी चुलीजवळ गेले की ती जशी डोळ्यांनी दटावायची, तसं बघितलं. मग तिनं उजवा हात पुढं केला, पंजा उघडला.

“वाढा काही शिळंपाकं, माय,” ती म्हणाली.

तिचा आवाज मला ओळखू आला नाही. हेल काढून, स्टँडवर भीक मागणाऱ्या एका पांगळ्या बाईसारखा काढला होता.

“गयाबाई, तू पण मागायला लागलीस?” कुमुदताई म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. “तू तर पिना विकायचीस. किती कौतुक केलं होतं मी तुझं सगळ्यांजवळ! लीना, बघ, कितीही करा यांच्यासाठी.”

“जाऊ दे आत्या. फुला, रात्रीच्या पोळ्या आहेत बघ. देऊन ये तिला. आणि बाळाला इकडं दे, तिच्याजवळ नेऊ नकोस.”

मी पोळ्या कागदात बांधल्या. फाटकापाशी गेले. माझ्या तोंडून ‘आई’ निघणार होतं, ते तिला दिसलं असावं. तिनं पोळ्या घेताना माझं मनगट इतक्या जोरात दाबलं की बांगडी रुतली.

“लई उपकार झाले, ताई,” ती मला म्हणाली, व्हरांड्यापर्यंत ऐकू जाईल अशा बेतानं. मग तोंड न हलवता पुटपुटली, “खोली घे. बोलू नको.”

मी परत आले तेव्हा कुमुदताई चहात बिस्कीट बुडवत होत्या.

“मग तुझी आई कुठं राहिली?” लीनाताईंनी विचारलं.

“बरं नसेल तिला,” मी म्हटलं.

संध्याकाळी स्टँडवर मी आईशी कडाकडा भांडले. मला नको ती नोकरी आणि नको ती खोली, म्हणाले. रडले. ती शांतपणे तीच पोळी चहात कुस्करून खात होती.

“झालं तुझं? आता ऐक. तू आजपासून तिथं झोपायचं. तरनीताठी पोर, इथं माझा रातभर डोळा लागत न्हाई तुझ्यापायी. आता लागंल.”

“आणि तू? त्या रोज विचारणार, आई कधी येते म्हणून.”

“सांग, मेली म्हून.”

“आई!”

“मग काय सांगतीस? त्या बाईनं माझं तोंड बघितलंय. आता मी तुझी आई हून त्या दारात जाऊ शकते का? सांग, मेली. लोक मेलेल्याची चौकशी करत न्हाईत.”

पगार झाला की दुसरीकडं खोली बघायची आणि आईला उचलून न्यायचं, असं मी मनाशी ठरवलं आणि तिचं ऐकलं. दोन दिवसांनी लीनाताईंना सांगितलं की आई गेली. त्या फार चांगल्या वागल्या. मला जवळ घेतलं, सुट्टी दिली, बाळाला स्वतः सांभाळलं. कुमुदताई मुद्दाम भेटायला आल्या आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, “रडून घे. आईवाचून जग नसतं गं.” त्या सुट्टीत मी आईजवळ स्टँडवर बसून होते. डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या तिला चारत होते. इतका वेळ आम्ही दोघी कित्येक वर्षांत एकत्र बसलो नव्हतो. ती गमतीनं म्हणाली, “मेल्यावर बरी सेवा व्हतीय.”

सुट्टी संपली. एकटी पडले म्हणून लीनाताईंनी दिलेल्या त्या खोलीत मी झोपायला लागले. दार लावलं की आत वारा येत नसे. मला त्या दाराचा राग यायचा. रोज काम आटोपलं की स्टँडवर पळत जायचे, आई अजून आहे ना बघायचे आणि अंधार पडायच्या आत परतायचे.

मग पगार व्हायच्या आतच एक दिवस सकाळी कुमुदताई घाईघाईनं आल्या. मी बाळाला तेल लावत होते.

“लीना, एखादं जुनं पातळ असलं तर दे गं. नवं नको, जुनंच चालेल. स्टँडवरची ती गयाबाई रात्री गेली. पोलिसांचं झालं सगळं. नातेवाईक कुणी नाही, मंडळानं अंगावर घेतलंय. नसीमआपांनी गाडीची सोय केली, मार्थाबाईंनी हार आणलाय. तीन धर्मांची प्रार्थना होणार, पेपरवाल्यांनाही कळवलंय.”

“अरेरे. इथं आली होती तीच ना?” लीनाताई कपाटाकडं वळल्या. “हे बघा, हे चालेल? थोडं विरलंय. फुला, घडी घालून दे आत्यांना.”

मी हात धुतले. पातळ घेतलं, त्याची घडी घातली. फिकट आमसुली रंग होता. आईला तो रंग आवडला असता. पिशवीत घालून कुमुदताईंच्या हातात दिलं. त्या गेल्या.

“ताई,” मी म्हटलं, “मला आज जायचंय. आमच्यात मयत झालंय.”

“आता कोण?”

आई म्हणता येईना. आईला मी आधीच मारून बसले होते.

“मावशी.”

“सख्खी?”

“नाही.”

“मग उद्या जाऊन ये ना. आज बाळाला डोस आहे,” लीनाताई समजुतीनं म्हणाल्या. “आई असती तर मी अडवलं असतं का? आईच्या वेळी लगेच सोडलं होतं की नाही तुला?”

मी बाळाला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि चालू लागले. त्या मागून हाका मारत होत्या. त्या खोलीत माझं एक गाठोडं होतं, तेही मी घेतलं नाही.

अमरधाममध्ये पोचले तेव्हा सरण रचून झालं होतं. आईला आमसुली पातळ नेसवलं होतं. तिघींच्या प्रार्थना झाल्या. आधी कुणी म्हणायची यावर थोडी कुजबुज झाली, मग वयानं ठरलं. मंडळाच्या आणखी काही बायका होत्या, फोटोवाला होता. मी गर्दीतून पुढं गेले आणि तिच्या गार पायांवर डोकं ठेवलं.

“फुला?” कुमुदताईंना गहिवरून आलं. “बघा, लीनाची बाळ सांभाळणारी मुलगी. तिलासुद्धा राहवलं नाही. याला म्हणतात माणुसकी.”

“ही माझी आई आहे,” मी म्हटलं.

मी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. “ही गयाबाई माझी सख्खी आई आहे. मी हिच्या पोटची आहे. स्टँडवर आम्ही दोघी राहत होतो. त्या दिवशी फाटकात ती तुमच्यापुढं खोटं बोलली. तिनं जन्मात भीक मागितली नव्हती.”

कुमुदताईंनी मला उठवून छातीशी धरलं. त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते.

“हो गं बाई, हो,” त्या माझी पाठ थोपटत इतर बायकांना म्हणाल्या. “हिची आई नुकतीच वारली हो. मीच गेले होते भेटायला. अजून सावरली नाहीय. प्रत्येक म्हातारीत तिला तीच दिसते.”

“नाही! ही खरंच...”

“कळतं गं आम्हाला. आम्हाला का आया नव्हत्या?” मार्थाबाई म्हणाल्या. नसीमआपांनी माझा चेहरा निरखून बघितला. त्या काही तरी बोलणार होत्या. मग त्यांनी कुमुदताईंकडं बघितलं, आणि खाली मान घातली.

“आज ही आपल्या सगळ्यांचीच आई,” कुमुदताई म्हणाल्या. कुणी तरी हुंदका दिला. फोटोवाल्यानं फोटो घेतला.

अग्नी तिघींनी मिळून दिला, एकाच लाकडाला तिघींचे हात लावून. मी तशीच उभी आहे हे बघून कुमुदताई म्हणाल्या, “ये, तूही लाव हात. तेवढंच तुझ्या मनाला बरं वाटेल.” आणि त्यांनी थोडं सरकून मला जागा करून दिली.